आबांचे कान आणि बोर्डाचा कागद

आबा तोफखान्यातले. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर ५.५ इंची तोफेवर होते. कानाला संरक्षण म्हणाल तर कापसाचा बोळा, आणि हुकूम ऐकू यावा म्हणून तोही अर्धा बाहेर ओढलेला. तेव्हा कानात सुरू झालेली शिट्टी अजून थांबलेली नाही. पन्नाशीत टीव्हीचा आवाज वाढला, सत्तरीनंतर फोनवर बोलणंच बंद झालं.

डिसॅबिलिटी पेन्शनसाठी मी आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली. तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर धरून समजावलं. तोफेच्या आवाजाने गेलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर येते. पण म्हातारपणी वरच्या पट्टीतलं ऐकणं तसंही जातंच, मग तो खड्डा उतारात मिसळून जातो. थोडक्यात, आजच्या कानाची साक्ष उपयोगाची नाही. निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, म्हणजे मेडिकल बोर्डाचा, कागद हवा.

घरी ट्रंकेत फक्त डिस्चार्ज बुक होतं. नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला, सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. प्रत आली. दोन्ही कान अधू, अपंगत्व २० टक्के, आणि खाली शेरा: सेवेशी संबंध नाही. उभी नोकरी तोफेवर काढलेल्या माणसाच्या कानाबद्दल!

खात्याकडची अपिलं छापील उत्तरं देऊन फेटाळली गेली. मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात गेलो. वकिलांची सगळी भिस्त धरमवीर सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालावर. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं धरायचं, आणि तसं नसेल तर ते खात्याने सिद्ध करायचं. आबांच्या भरतीच्या कागदात कान ठणठणीत. निकाल आमच्या बाजूने लागला. नियमाप्रमाणे २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरून पेन्शनही मिळाली. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीनच वर्षांची, मागचं सगळं बुडालं. म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी रेंगाळू नये.

श्रवणयंत्राचं खातं वेगळं. ते ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मागता येतं, त्यासाठी पेन्शनच्या निकालाची वाट बघत बसू नका. आबांना ते आधीच मिळालं होतं. ते घातल्यापासून देवळातल्या कर्ण्यावर चिडतात. हळू बोललेलं कळत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही, हा बहिरेपणा असाच असतो म्हणे.