आमची वाटचाल : ब्लॉकच्या खालचं काम

आमच्याकडे येणारी पहिली चौकशी जवळजवळ नेहमी रंगाची असते. राखाडी बरा दिसेल की लाल, आयताकृती घ्यावेत की झिगझॅग, कडेने वेगळी पट्टी काढता येईल का. उत्तरं आम्ही आनंदाने देतो, पण देता देता नजर पायाखाली असते. माती कसली आहे, पावसाचं पाणी कुठे तुंबतं, घराच्या पायालगतचा भराव कसा टाकला होता, हे आम्हाला आधी हवं असतं. पाटीवर ‘पेव्हर ब्लॉकची कामं’ असं लिहिलंय खरं, पण कामाचे बहुतेक दिवस खणण्यात, भरण्यात आणि दाबण्यात जातात. ब्लॉक शेवटी येतात आणि भराभर बसतात.

सुरुवात मजुरीवर झाली. दोघे भाऊ, सोबत काही गडी. मुख्य ठेकेदार जागा तयार करून द्यायचा, आम्ही वर ब्लॉक मांडून चौरस फुटाप्रमाणे मजुरी घ्यायचो. त्या हिशेबात जो झटपट बसवेल तो कमावेल. खाली काय घातलंय हे विचारायची मुभाही नव्हती आणि सवडही. हात मात्र तिथेच बसला. दोरी ताणणं, तीन-चार-पाचच्या मापाने गुण्या धरणं, कडेचा तुकडा एका घावात कापणं, हे सगळं तिथलं.

स्वतःच्या नावावर कामं मिळायला लागली ती दुरुस्तीची. नव्या अंगणासाठी लोक ओळखीचा ठेकेदार बोलावतात. खचलेलं, डुगडुगणारं अंगण हातात घ्यायला मात्र कुणी राजी नसतं, म्हणून ते नवख्यांकडे येतं. आम्हाला हे पथ्यावर पडलं. जुनं काम उचकटलं की त्याचा छेदच समोर येतो. पहारीने एक ब्लॉक सैल केला की शेजारचे हाताने निघतात, आणि मग खाली बघत बसावं. ब्लॉक बहुधा शाबूत असायचे. ना तडा, ना उडालेला कोपरा. धुऊन तेच पुन्हा बसवता येत. बिघडलेलं असायचं ते त्यांच्या खालचं.

कुठे मुळांसकट वरची भुसभुशीत माती तशीच राहिलेली. तिच्यातला पालापाचोळा कुजतो, आकसतो आणि वरचं सगळं बसतं. झाडांना हीच माती हवी, ब्लॉकखाली ती नको. कुठे उंचसखल खणलेला भाग वाळूने सपाट करून घेतलेला, म्हणजे एका टोकाला बोटभर वाळू आणि दुसऱ्या टोकाला वीतभर. जाड वाळू गादीसारखी दबते, आणि दबते ती आपल्या जाडीप्रमाणे कमीजास्त. कुठे खडी चांगली घातलेली, पण खाली चिकणमाती. दोन्हींच्या मध्ये काहीच नसल्यामुळे ओल्या दिवसांत माती खडीत वर चढलेली आणि खडी मातीत रुतलेली. अशा ठिकाणी फावडं मारलं की खडी कुठे संपली आणि माती कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही.

पण सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं दुखणं भिंतीलगतचं होतं. पाया घेताना भिंतीच्या बाहेरही खणावं लागतं. काम झालं की तो चर निघालेल्या मातीनेच बुजवतात. त्यात विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, काय वाटेल ते जातं. वरून सपाट दिसतं, खाली मीटरभर, कधी त्याहूनही खोल सैल भराव असतो. त्यावर अंगण केलं की काही पावसाळ्यांत भिंतीजवळची ओळ खाली जाते. जिथून पाणी लांब जायला हवं तिथेच ते साठतं, आत मुरतं, आणि भराव आणखी बसतो. वाळू घालून ती ओळ तेवढी उचलून देणारे आहेत, आणि त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा काम मिळतं. आम्ही तो पट्टा उकरतो, सैल भाग काढतो आणि थराथराने परत भरतो. तपासायला बारा एमएमची सळई पुरते. हाताने जोर देऊन ती जिथे सहज आत जाते, तिथे काम आहे. भिंतीपासून बाहेर दर वीतभरावर सळई खुपसत गेलं की जुन्या चराची हद्द बरोबर कळते.

दुरुस्तीच्या पैशातून पहिली मोठी खरेदी केली ती प्लेट कॉम्पॅक्टरची, म्हणजे जमीन दाबायच्या यंत्राची. घरच्यांना टेम्पो हवा होता. त्याआधी आम्ही हाताने ठोकायची धुम्मस वापरायचो. कोपऱ्यात आणि चेंबरच्या कडेला ती आजही लागते, पण अख्खं अंगण धुमसणं म्हणजे गड्यांचे खांदे जातात आणि दाब एकसारखा बसत नाही. नंतर रॅमर घेतला, ज्याला बरेच जण जंपिंग जॅक म्हणतात. दोन यंत्रं कशाला, असं आजही विचारलं जातं. प्लेट थरथरते; त्या थरथरीने खडी आणि वाळूचे दाणे हलून एकमेकांत घट्ट बसतात. चिकणमातीवर प्लेट नुसती फिरते, आत फारसं काही होत नाही. तिला रॅमरचे ठोके लागतात. भिंतीलगतच्या अरुंद चरात तर रॅमरशिवाय इलाजच नाही.

आणि पाणी. कोरडी माती कितीही ठोकली तरी तिच्यात हवा राहते. फार ओली असेल तर दाब पाण्यावर पडतो आणि माती नुसती हलते. या दोहोंच्या मधल्या एका ओलाव्याला ती सर्वांत घट्ट बसते. 1933 मध्ये अमेरिकेतले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी हे मोजून मांडलं, आणि आजही दबाईचा दाखला देताना ‘प्रॉक्टरच्या 95 टक्के’, म्हणजे त्या सर्वांत घट्ट मापाच्या 95 टक्के, अशी भाषा वापरतात. आमच्या कामात प्रयोगशाळा क्वचित येते, तेव्हा मूठ वापरतो. चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर माती घ्यायची, आवळायची, उघडायची. गोळा झालाच नाही तर पाणी शिंपडायचं आणि मुरू द्यायचं. तळहात चिखलाने माखला तर यंत्र बंद. गोळा झाला, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला, तर सुरू करायचं. यंत्रामागे माती लाटेसारखी हलायला लागली की आमचा मुकादम हात वर करतो. तिथे मग तो भाग सुकू द्यावा लागतो किंवा काढून कोरडा माल घालावा लागतो. याच कारणाने कितीदा तरी साइट थांबवली आहे आणि मालकांचा रागही सोसलाय. पाहुणे येणार, तारीख ठरलीय, आणि हे लोक माती वाळायची वाट बघत बसलेत, हे कुणालाही पटायला जडच.

पुढे केव्हातरी जॉन मॅकॅडम यांच्याबद्दल वाचनात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रस्ते करणारा हा माणूस. त्याचं म्हणणं असं की भार शेवटी खालची मूळ मातीच पेलते. वरच्या खडीचं काम तिला कोरडं ठेवण्याचं. त्या काळी रस्त्याखाली मोठाले दगड रचायची पद्धत होती. त्याने ते सोडून, उंचावलेल्या आणि पाणी निघून जाईल अशा जमिनीवर लहान फोडलेल्या खडीचे थर घातले. दुरुस्त्या करकरून आम्ही जे हाताने शिकत होतो ते कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी नेमकं सांगून ठेवलं होतं, याची गंमत वाटली. त्यानंतर साइट बघायला गेल्यावर आमचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो.

म्हणून ढाळ. घरापासून बाहेर, मीटरमागे दीड ते दोन सेंटीमीटर. तो कुठे द्यायचा यावरून आमच्या गड्यांचे आणि बाहेरून येणाऱ्या मिस्त्र्यांचे नेहमी खटके उडतात. वाळूतच देऊन टाका, सोपं पडतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही ढाळ खणतानाच मातीत काढतो. मग खडी त्याच उताराने, वाळू त्याच उताराने, ब्लॉकही त्याच उताराने. प्रत्येक थराची जाडी सगळीकडे सारखी राहिली तरच बसणंही सगळीकडे सारखं होतं. माप घेतो पाण्याच्या नळीने किंवा लेझर लेव्हलने. दोन्ही वापरून बघितल्यावर नळीवरचा विश्वास काही कमी झालेला नाही, मात्र तिच्यात हवेचा बुडबुडा नको. तयार अंगणाची पातळी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या निदान पंधरा सेंटीमीटर खाली ठेवतो, नाहीतर पावसाचे शिंतोडे आणि ओल भिंतीत शिरते.

खोलीचा हिशेब सरळ आहे. माणसांच्या वावरासाठी 60 मिलिमीटरचा ब्लॉक, खाली 25 ते 30 मिलिमीटर वाळू, त्याखाली दाबून 100 ते 150 मिलिमीटर खडीचा थर. बेरीज करा, वीतभरापर्यंत किंवा थोडं जास्त खणावं लागतं. मोटार उभी राहणार असेल तर 80 मिलिमीटरचा ब्लॉक आणि 200 मिलिमीटरच्या वर खडी. माती काळी, भेगाळणारी असेल तर याहूनही खाली जावं लागतं, कारण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. खणाई ब्लॉकच्या कडेला थांबत नाही. खडीचा थर जेवढा जाड, निदान तेवढा तो कडेच्या बाहेर न्यायचा. कर्बचं, म्हणजे कड धरून ठेवणाऱ्या पट्टीचं काँक्रीट त्या दाबलेल्या खडीवर बसलं पाहिजे. ते भुसभुशीत मातीवर टेकवलं तर कड बाहेर सरकते आणि आतले सांधे एकामागून एक उघडतात. चिकणमातीवर खडीआधी जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरतो, जोडाला फूटभर एकावर एक घेऊन. माती आणि खडी एकमेकांत जाऊ नयेत एवढंच त्याचं काम. खडी मागवताना सैल मालाचा हिशेब लागतो, कारण दाबल्यावर 10 सेंटीमीटर हवी असेल तर सैल साधारण 12 ते 13 टाकावी लागते. आणि ती एकदम नाही; एका वेळी चार इंचांपेक्षा जाड थर आमच्या प्लेटने तळापर्यंत दबत नाही. वरून टणक, खालून पोकळ राहतो.

वाळूबद्दल एक भांडण कायमचं आहे. क्रशरची भुकटी स्वस्त मिळते आणि दाबल्यावर छान टणक दिसते, म्हणून अनेक जण तीच घालतात. तिच्यातला बारीक चुरा पाणी धरून ठेवतो, आणि भिजल्यावर वर्दळीखाली ती लगदा होऊन सांध्यांतून वर येते. आम्ही धुतलेली, खरबरीत, टोकदार दाण्याची वाळू घालतो. दाबलेल्या खडीवर 25 मिलिमीटरचे दोन पाइप ठेवायचे, मध्ये वाळू टाकायची, ॲल्युमिनियमचा पट्टा पाइपांवरून ओढत आणायचा, पाइप काढून त्यांच्या खाचा हलक्या हाताने भरायच्या. त्यानंतर त्या वाळूवर पाऊल नाही. ब्लॉक मांडत मांडत, मांडलेल्या ब्लॉकवर उभं राहूनच पुढे सरकायचं. मग वरून कॉम्पॅक्टर, सांध्यांत बारीक कोरडी वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. खालची वाळू थोडी दबते, म्हणून ब्लॉक आधीच काही मिलिमीटर उंच ठेवलेले असतात.

धंद्याला खरं वळण मिळालं ते कोटेशनमुळे. सगळ्यांसारखे आम्हीही चौरस फुटाचा एकच दर द्यायचो. त्यात खणाई, खडी, दबाई सगळं आत, म्हणजे कुणालाच न दिसणारं. शेजारी दुसऱ्याचं कोटेशन ठेवलं की आमचं महाग, आणि का महाग हे कागदावरून समजायला मार्ग नाही. मग बाबी सुट्या लिहायला लागलो: किती सेंटीमीटर खणणार, माती कुठे टाकणार, खडीची दाबलेली जाडी किती, किती थरांत, कापड आहे की नाही, ढाळ कोणत्या दिशेला. सुरुवातीला कामं गेली. लोक कागद वाचून म्हणायचे, एवढ्याशा अंगणाला एवढा खड्डा, विहीर खणताय का? पण काही जण तोच कागद घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले आणि तुम्ही खडी किती घालणार, असं विचारू लागले. त्यातले बरेच परत आले. आता प्रत्येक थर झाकायच्या आधी टेप लावून फोटो काढतो आणि मालकाला पाठवतो. हमी देतो ती आम्ही स्वतः खणलेल्या जागेची. दुसऱ्याने तयार केलेल्या जागेवर फक्त ब्लॉक मांडून द्या म्हणाल तर आमचं उत्तर नकाराचं असतं. सळई खुपसून बघितल्यावर कधीतरी होकारही देतो, पण हमीशिवाय.

नव्या गड्याला आधी सळई, नळी आणि फावडं मिळतं. ब्लॉक कापायचं यंत्र बरंच उशिरा. कंटाळून जाणारे जातात.

अलीकडे पाणी जिरवणाऱ्या अंगणांची मागणी यायला लागली आहे. त्यात रुंद सांध्यांतून पाणी खाली जाऊ द्यायचं, म्हणजे आमचे काही ठोकताळे उलटे करावे लागतात. खडी बारीक चुरा नसलेली, एकसारख्या मापाची आणि धुतलेली, म्हणजे मधल्या पोकळ्यांत पाणी थोडा वेळ साठून राहतं. सांध्यांत वाळूऐवजी बारीक खडी. खालची माती पाणी पिणारी हवी, म्हणून ती आम्ही रॅमरने घट्ट करत नाही आणि भार पेलायला खडीचा थर जाड घेतो. अशा कामाआधी साइटवर खड्डा घेऊन तो पाण्याने भरतो, जिरू देतो, पुन्हा भरतो आणि पातळी किती वेळात किती उतरते ते पट्टीवर बघतो. पाणी हललंच नाही तर खाली छिद्राचे पाइप टाकून ते बाहेर काढावं लागतं, नाहीतर नेहमीच्या पद्धतीचं अंगण करावं लागतं. घराच्या भिंतीलगत हा प्रकार आम्ही घेत नाही. तिथे पाणी लांब नेणारा ढाळच ठेवतो.