टूरिंगसाठी इंजिन खोललं, पण खरं काम निघालं गिअरबॉक्समध्ये

टूरसाठी इंजिन बनवतोय म्हटलं की सगळे विचारतात पॉवर किती वाढणार. मला हा प्रश्नच पटत नाही. मागे सामान बांधून दिवसभर एकाच स्पीडला पळणाऱ्या इंजिनला जास्त पॉवर नकोच असते, ते कमी तापलं पाहिजे आणि कमी फिरलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

माझी गाडी एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर. मागच्या टूरला चढावर सेकंड गिअर सुटायला लागला, खट्ट आवाज, गाडी न्यूट्रल आणि इंजिन एकदम किंचाळतं, लोड असताना तो क्षण फार वाईट. मग उरलेला घाट लिव्हर पायाने वर धरून काढला. इंजिन उतरवून केसिंग उघडलं तेव्हा त्याचा परिणाम हातातच आला, फोर्कचा, म्हणजे आत गिअर सरकवणाऱ्या काट्याचा, गिअरला टेकणारा भाग घासून निळा पडला होता, कारण मी पायाने दाबत होतो ते सगळं प्रेशर तोच खात होता.

पण मूळ दुखणं डॉगमध्ये. गिअरच्या बाजूला जे जाड दात असतात ना, जे शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकतात, ते. नव्या डॉगची कड बोटाला टोचते, माझ्या डॉगच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, मग लोड आला की घसरून बाहेर येणारच. त्यामुळे सेकंडची जोडी आणि फोर्क नवीन घेतले आणि डॉग अंडरकट करून घेतले, म्हणजे डॉगची बाजू सरळ न ठेवता मुळाकडे साधारण ३ अंश आत तिरकी घासायची आणि समोरची खाचही तशीच, मग लोड आला की दोन्ही गिअर एकमेकांना आत ओढतात. हे सगळ्या डॉगना सारखं झालं पाहिजे, नाहीतर एकटाच डॉग सगळा भार घेतो, आणि जास्त घासायचं नाही कारण कडकपणा फक्त वरच्या थरात असतो. शाफ्टचे बेअरिंग बदलले, फिरवून बरे वाटत होते तरी बदलले, एवढं सगळं उघडल्यावर जुने बेअरिंग परत बसवणं मला जमत नाही.

इंजिनात सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा करून, नवा पिस्टन. रिंग गॅपची, म्हणजे पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीची, मी फार काळजी घेतली, ७० मिमी बोअरला साधारण ०.२८ मिमी धरतात, प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली. गॅप कमी राहिला तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर खरवडून निघतो. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती दाबतो ते, कंपनीचंच ठेवलं. खराब पेट्रोलसाठी ते कमी करायला काहीजण ब्लॉकखाली दोन गास्केट टाकतात, पण त्याने पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक) उलट वाढू शकतं, त्यापेक्षा कमी कॉम्प्रेशनचा पिस्टन बरा. एक्झॉस्ट टॅपेट, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरची मोकळी फट, मात्र टाईट ठेवू नका कधीच, व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये जाते, टाईट राहिला तर नीट टेकत नाही आणि जळतो.

ऑइल कूलर लावला तो थर्मोस्टॅटवाला, म्हणजे ऑइल तापल्यावरच ते कूलरमधून जाऊ देणारा. थंडीत ऑइल तापलंच नाही तर त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, म्हणून.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पडलेलं काम म्हणजे पुढचं स्प्रॉकेट १५ चं १६ केलं, मागे ४५ तेच. रेशो ३ वरून २.८१ वर आला, म्हणजे जिथे आधी ५००० आरपीएम लागायचे तिथे आता साधारण ४६९०. दिवसभराच्या रायडिंगमध्ये हे हाताला कळतं. तोटाही आहे, पहिला गिअर लांब होतो, लोड घेऊन चढावर निघताना क्लच जास्त घासतो, आणि टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमला रेटत राहिलात तर बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) मार बसतो, तिथे मुकाट्याने गिअर खाली घ्यायचा. शिवाय स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो कमी दाखवणार, पुढच्या चाकावरून असेल तर काही फरक नाही.

ऑइल जासो एमए२ चंच, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच्या ग्रेडचं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये असतो. ड्रेन प्लग मॅग्नेटवाला टाकलाय. पहिलं ऑइल ५०० किमीला काढलं तेव्हा त्यावर राखाडी मऊ लेप होता, बोटांत चोळून बघितला, टोचणारं काहीच नाही, म्हणजे धातूचा तुकडा नाही.