आईचा भूप परत आणताना

दिवेलागणीला आईला किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लागतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमधल्या तिच्या यादीत ते नाव करडं झालेलं दिसलं. कितीदा दाबलं तरी वाजेना. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की हक्क असलेल्यांशी करार संपलाय. पाच वर्षं मी न चुकता वर्गणी भरत होते. ‘डाउनलोड’ केलेली गाणीसुद्धा अ‍ॅपच्या कुलुपात असतात आणि वर्गणी थांबली की उघडत नाहीत, हे मला तेव्हा नीट कळलं. आमच्या गिरगावात पागडीच्या भाडेकरूला याहून जास्त हक्क असतो.

तोच भूप बाबांनी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडीवर आणला होता. तिथल्या बूथमध्ये आधी ऐकायचे, मगच घ्यायचे. दुकान २०१६ साली बंद झालं, बाबाही गेले, पण सीडी माळ्यावर होती. तिच्यासोबत आणखी ८३ सीडी आणि २३ कॅसेटी खाली उतरल्या.

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला लागणारा सीडी ड्राइव्ह आणला. ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. शंका आली की सीडीचा तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो आणि इतरांनी त्याच सीडीच्या काढलेल्या प्रतींशी आकडे ताडून बघतो. प्रती एमपी३मध्ये न काढता फ्लॅकमध्ये काढल्या. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही गळत नाही, तरी जागा साधारण निम्मीच लागते. सीडी पुसायची ती मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसताना ओरखडा उठला तर तो माहितीच्या रेघेबरोबरच धावतो आणि तेवढा भाग वाचता येत नाही. दोन सीडी तरीही गेल्याच.

खरा वेळ खाल्ला तो नावांनी. अ‍ॅपवर गायिकेचं नाव असायचं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, याचा पत्ता नाही. सीडीच्या आतल्या पत्रकावर ते सगळं छापलेलं आहे. प्रत्येक फाइलला राग, ताल, साथीदार देवनागरीत लिहीत बसले. आई चष्मा लावून शेजारी. “अगं, हा एकताल कुठला, तीनताल आहे. आणि विलंबित संपलं की लगेच द्रुत लागू दे, मध्ये तोडू नकोस.” त्यासाठी फोनवर मध्ये खंड न पाडणारा प्लेअर शोधावा लागला.

कॅसेटींचं काम वेगळंच. डेकचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. लॅमिंग्टन रोडच्याच एका कारागिराने तो बदलला, टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसून दिलं आणि बजावलं, “ताई, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, हेडवरून बाकीच्यांना लागेल.” मुंबईच्या दमट हवेत अशा चार निघाल्या. उरलेल्या कॅसेटी, डेक वायरने कॉम्प्युटरला जोडून, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घेतेय. इथे घाई चालत नाही, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात.

एकीवर बॉलपेनने फक्त ‘बाई, यमन’ लिहिलेलं. आईच्या पार्ल्याच्या बाईंची तालीम निघाली, आणि त्यांच्या मागून म्हणणारी विशीतली आई. पूर्ण बाजू संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मग म्हणाली, “इथे बाई रागावल्या होत्या. माझा निषाद उतरायचा.” हे जगातल्या कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नव्हतं.

नवीन काही आवडलं आणि कलाकार बँडकॅम्पवर, म्हणजे गाणी विकत मिळतात त्या साइटवर असला, तर तिथून एकदाच पैसे देऊन फ्लॅक उतरवून घेते. वर्गणी सोडलेली नाही, नवे गायक त्यातूनच कळतात. पण ज्याच्यावाचून आमचं चालणार नाही, ते आता घरात आहे. सगळं मिळून ४० जीबीच्या आत बसलं. एक हार्ड डिस्क आमच्या कपाटात, दुसरी डोंबिवलीला भावाकडे.

त्या चार बुरशीच्या अजून बाजूला काढलेल्या आहेत. एकीवर आईचं अक्षर आहे. कारागीर म्हणाला, पावसाच्या आधी आणा, उघडून हाताने साफ करू.