कातळावरचं होकायंत्र

माझ्या बाबांचं होकायंत्र पितळेचं आहे. झाकणाला एका बाजूने पोचा आलाय आणि काचेवर आडवा ओरखडा. बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. गेल्या वर्षी ते गेले, आणि दिवाळीत आईने कपाट आवरताना ती डबी माझ्या हातात ठेवली. डिसेंबरात सासरी राजापूरला जायचं ठरलं तेव्हा मी ती पर्समध्ये टाकली. का, ते सांगण्यासाठी आधी जुनापाणीला जावं लागेल.

जुनापाणी नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर. लहानपणी रविवारी बाबा मला आणि भावाला स्कूटरवर घालून तिथे न्यायचे. माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं, तीनशेच्या घरात. एकेक वर्तुळ म्हणजे एकेक दफन. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड वापरणाऱ्या माणसांनी आपले मृत इथे ठेवले, वर दगडगोटे आणि माती रचली आणि भोवती शिळांचं कडं केलं. सोबत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, मडकी. जवळच्या माहुरझरीला तर घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. हे सगळं बाबा आम्हाला गोष्टीसारखं सांगायचे. मला मात्र जुनापाणीच्या शिळांवरचे खळगे आवडायचे. बोटाचं पेर बसेल एवढे, ओळीने कोरलेले. 1879 साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लेख लिहिला होता. मी एकेका खळग्यात बोट घालत वर्तुळाला फेरी मारायचे.

होकायंत्र उघडण्याआधी बाबा एक गोष्ट न चुकता करायचे. खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून दहा पावलांवर एखाद्या दगडावर ठेवून यायचे. "लोखंड जवळ असलं की सुई खोटं बोलते," असं म्हणायचे.

लग्नाला बारा वर्षं झाली, पण राजापूरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मी कधी चढले नव्हते. गणपतीत जायचं तर पाऊस आणि कमरेएवढं गवत. मे महिन्यात आंबे, पाहुणे आणि तापलेला कातळ. कातळशिल्पं, म्हणजे या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायचा खरा मोसम डिसेंबर-जानेवारी, तोवर गवत वाळतं, कापलं जातं आणि कातळ उघडा पडतो. येताना रत्नागिरीजवळच्या उक्षीला थांबलो होतो. तिथला कातळात कोरलेला हत्ती गावकऱ्यांनी स्वतः पुढे होऊन राखला. भोवती गोल कठडा बांधला, वरून बघायची सोय केली. तो बघूनच माझी भूक वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतसासरे अण्णा हातात हिराचा खराटा घेऊन अंगणात उभे. वय पंचाहत्तर, पण सड्यावर चालायला लागले की आम्ही मागे. पहिला मुक्काम कशेळी. कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि सड्यावर गेलो. वाळलेलं पिवळं गवत, मधेमधे काळा खरबरीत कातळ, दूरवर समुद्राची फिकी पट्टी. चित्र कुठेच दिसेना.

"सांभाळून हां गो," अण्णा म्हणाले, "तू हत्तीच्या पाठीवर उभी आहेस."

मी दचकून पाय उचलला. खरंच, पायाखालून एक रेघ चालली होती. ओंजळीच्या रुंदीची, दोन बोटं खोल. अण्णांनी खराट्याने पुढचं गवत झाडलं, रेघ वळली, मी तिच्यासोबत वळले. कशेळीचा हा हत्ती साधारण 18 मीटर लांब आहे. उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, त्याच्या कडेने चालावं लागतं. पाठ चढायची, सोंडेपाशी वळायचं, पायांपाशी उतरायचं. आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले, लहानमोठे, एकमेकांना खेटून. ज्याने हे कोरलं त्यालाही पूर्ण हत्ती कधी दिसला नसणार. तो त्याच्या डोक्यातच असला पाहिजे.

मी गुडघे टेकून एका रेघेत बोट घातलं, जुनापाणीची सवय. आत वाळलेलं शेवाळ होतं, एका गोगलगायीचा रिकामा शंख आणि चिमूटभर लाल माती. जांभ्याच्या काठांना भोकं भोकं, स्पंजासारखी. जांभा खणून काढला की मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात घट्ट होत जातो. पण हा सड्याचा वरचा थर हजारो वर्षं ऊन खाऊन लोखंडासारखा झालेला. त्यावर एवढी लांब, एवढी न थरथरता रेघ ओढायची म्हणजे किती दिवस, किती माणसं, त्यांना भाकरतुकडा कोण देत होतं, हे प्रश्न मला तिथे बसल्याबसल्या पडत राहिले.

रत्नागिरी, सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत अशी हजाराहून जास्त चित्रं सड्यांवर आहेत. हत्ती, वाघ, हरणं, मोर, मुशी-पाकटासारखे मासे, कासवं, माणसं, आणि कशालाच न जुळणाऱ्या चौकोनी नक्ष्या. काही ठिकाणी एकशिंगी गेंडासुद्धा. आज गेंडा बघायला आसामात जावं लागतं. हत्तीही या सड्यांवर आता नाहीत. जवळातजवळचे म्हणजे कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले, तेही अलीकडे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून ही ठिकाणं नोंदवली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण ही माणसं गेली नसती तर यातलं कितीतरी चिऱ्यांच्या आकारात कापून भिंतीत गेलं असतं. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली, त्यात सात रत्नागिरी जिल्ह्यातली. अभ्यासक या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या सुरुवातीपर्यंत मांडतात.

देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ जी चौकोनी नक्षी आहे तिच्यापुढे फार वेळ थांबलो नाही, ऊन चढलं होतं. पण ती बघून रांगोळीची आठवण आलीच.

दुपारी वाटेत एका ओळखीच्या बागेत पाणी प्यायला बसलो. गावाचं नाव लिहीत नाही. हापूसची नवी लागवड, कातळ फोडून केलेले खड्डे ओळीने. अण्णा मला कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे एका माशाची शेपटी होती. नुसतीच शेपटी. बाकीच्या माशाच्या जागी सुरुंगाचा खड्डा, त्यात लाल माती आणि कलम, पानं अजून कोवळी. बागवाल्याला दोष तरी किती द्यावा? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सड्यावर कलम लावायचं तर कातळ फोडल्याशिवाय पर्याय नसतो. पण माझ्या घशाखाली पाणी उतरेना. चिरेखाणींचंही तसंच. खाणीचं यंत्र एका दिवसात जेवढं कापतं तेवढं पाऊस हजार वर्षांत झिजवत नाही.

बारसूच्या सड्यावर पोचलो तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. हा तोच सडा, जिथे 2023 साली रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावातल्या बायका उन्हात कातळावर आडव्या झाल्या. त्या वेळी टीव्हीवर बघताना मला फक्त गर्दी दिसली होती. आता पायाखाली दोन वाघ होते आणि दोघांच्या मधोमध एक माणूस. वाघ त्याच्याकडे वळलेले. माणूस पळत नाही. इतकंच.

तिथे बसून मी अण्णांना मनातलं विचारलं. जुनापाणीला जावं तर खाली कोण आहे ते ठाऊक असतं. हाडं निघालेली, कुऱ्हाडी निघालेल्या. तिथल्या माणसांनी चित्रं काढली नाहीत, दगडांचं कडं केलं. इथल्यांनी एवढी चित्रं काढली, मग यांचे मृत कुठे? काळ्या मातीत खड्डा खणता येतो, पण या कातळात माणूस ठेवणार कसा? आणि मला तर ही सगळी चित्रं आडवी, आभाळाकडे तोंड करून निजवल्यासारखी वाटत होती. उघडं दफनच जणू.

अण्णांनी मान हलवली. "आपल्या वाडीचा मूळपुरुष कुठे आहे? फणसाखाली. दगडच ना तो? त्याच्या खाली कुणी खणून बघितलंय काय? दरवर्षी नारळ देतो, पुरे झालं." मग खराट्याने वाघाच्या पंज्यावरची काटकी बाजूला केली. "आणि हे मेलेलं बिलेलं काही नाही हां. तू मिरगानंतर ये. या सगळ्या रेघांत पाणी भरतं. बेडकाची पिल्लं पोहतात त्यात. आम्ही गुरं घेऊन यायचो, ओणवं होऊन बघत बसायचो. वाघाच्या पोटात पिल्लं, माशाच्या पोटात पिल्लं. सीतेची आसवं फुलतात कडेकडेने, निळी निळी."

मी काही बोलले नाही. जुनापाणीच्या खळग्यांत पावसाळ्यात पाणी साचतं का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही नेहमी हिवाळ्यात जायचो.

देवाचे गोठणे हा शेवटचा टप्पा. तिथल्या सड्यावर एक मानवाकृती आहे आणि तिच्याजवळ होकायंत्र चुकतं, हे इकडे आता पोराटोरांना ठाऊक आहे. मी वाचलं होतं, पण बाबांनी शिकवलेलं विसरले नव्हते. स्कूटीची किल्ली, मोबाईल, केसांतल्या पिना, सगळं काढलं आणि लांबच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेऊन ठेवलं. नवऱ्यालाही घड्याळ काढायला लावलं. अण्णांनी कमरेचा चाकू स्वतःहून काढून दिला, एक शब्दही न विचारता.

आधी चित्रापासून बरंच दूर कातळावर डबी ठेवली. सुई डुलली, थांबली. समोर सूर्य कललेला, म्हणजे पश्चिम. सुई बरोबर उजव्या हाताला, उत्तरेला. मग डबी उचलून आकृतीजवळ नेली, ठेवली आणि हात काढून घेतला.

सुई थरथरली. हळूच सरकली, थांबेल असं वाटलं, आणि पुन्हा सरकली. सूर्य तिथेच होता, डबी मी फिरवली नव्हती, पण उत्तर हलली होती. मी डबी वीतभर पुढे ठेवली, सुई आणखी वेगळीकडे. पुन्हा मागे आणली, पुन्हा पहिल्यासारखी. असं सात-आठ वेळा केलं. जांभ्यात लोखंड भरपूर, हे पुस्तकातून माहीत होतं, त्याचा लाल रंगच त्याचा. पण ते माहीत असणं आणि बाबांची सुई त्या दगडाकडे ओढली जाताना बघणं यात फार अंतर आहे. किल्ल्या इथे खिशात नव्हत्या, जमिनीतच होत्या. आणि कोरणाऱ्याने एवढा मोठा सडा सोडून नेमकी हीच जागा का धरली? त्याच्याकडे होकायंत्र असणं शक्य नाही. योगायोगही असेल. मी त्या आकृतीशेजारी मांडी घालून बसले आणि बराच वेळ सुईकडे बघत राहिले. बाबांना हे दाखवता आलं नाही याचं इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. नवरा आणि अण्णा थोडे लांब जाऊन उभे राहिले.

मग डबी मिटली आणि आम्ही गाडीकडे निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, किल्ली, मोबाईल, चाकू सगळं गडग्यावरच राहिलंय. मी एकटीच परत धावले.

सूर्य समुद्राच्या बाजूला अगदी टेकला होता. उन्हाची तिरीप कातळाला घासून येत होती, आणि मघाशी खराट्याने झाडूनसुद्धा जी नीट कळली नव्हती ती प्रत्येक रेघ आता सावलीने भरून काळी झाली होती. माणूस पुरता उठून दिसत होता. त्याच्या पलीकडे, जिथे मघाशी मी पहिल्यांदा होकायंत्र ठेवलं होतं तिथे, गवताच्या कडेला आणखी एक वळण दिसलं. बहुतेक कातळाची नैसर्गिक भेग असेल. मी ओणवी होऊन बघेपर्यंत ऊन सरकलं आणि ते वळण पुन्हा कातळात मिसळून गेलं.

गडग्यावरून किल्ली उचलली. खालून अण्णांची हाक आली, "सापडलं काय गो?"