इमर्जन्सी कॉन्टॅक्ट: डब्याच्या काकू

मागच्या शनिवारी आम्ही चौघांनी विमानातून उडी मारली. पेरिसला. पॅरिस नव्हे, पेरिस, दक्षिण कॅलिफोर्नियातलं, लॉस एंजेलिसपासून सव्वा-दीड तासावरचं गाव, स्कायडायव्हिंगवाल्यांची तर पंढरीच. उडीचं सांगतेच, पण आज लिहायला बसले ते तिथल्या फॉर्ममुळे.

फॉर्म म्हणजे पानंच्या पानं. प्रत्येक परिच्छेदापुढे आपली आद्याक्षरं टाकायची. यात मृत्यू येऊ शकतो, टाका. कायमचं अपंगत्व येऊ शकतं, टाका. पॅराशूट नीट उघडेलच अशी खात्री नाही, टाका. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे काही झालं तरी मी किंवा माझे वारस कोर्टात जाणार नाही, टाका. 'वारस' वाचून माझा हात थांबला. अजून तिशी नाही गाठली मी, माझे वारस म्हणजे आई-बाबाच की.

खरं सांगू, मला ते आवडलं. इतकं स्पष्ट आपल्याकडे कोणी बोलत नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मिरजेत सही दादाने केली, काकांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं, आणि बाबांना आम्ही काय सांगितलं तर "छोटीशी तपासणी आहे". ज्याच्या छातीत नळी जाणार त्यालाच माहीत नाही! त्याचा मला अजून राग येतो. इथे जिवाची जोखीम तुमची तर वाचा तुम्ही, सही तुम्ही करा, पटत नसेल तर घरी जा. पण हेही खरं की त्या दिवशी मिरजेत त्या कागदाभोवती सहा माणसं उभी होती. इथे मी आणि पेन.

मग शेवटच्या पानावर तो चौकोन आला, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. मी सवयीने रूममेटचं नाव लिहिलं. तिने माझं लिहिलं होतं. नागपूरवाल्याने ऑफिसातल्या मित्राचं आणि त्या मित्राने नागपूरवाल्याचं. काउंटरवरच्या मुलीने चारही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, तुमच्याबरोबर विमानात नसेल असं कोणीतरी द्या.

चौघंही गप्प. इथे चार-पाच वर्षं झाली आम्हाला, भाड्याचं घर आहे, गाडी आहे, जिमची मेंबरशिप आहे, आणि विमानात नसेल असं कोणी पटकन आठवेना. आईचा नंबर लिहायचा तर साडेबारा तास पुढे, आणि तिला तर सांगितलेलंच नव्हतं. खोटं बोलले नव्हते हां, वीकेंडला बाहेर चाललोय म्हटलं होतं, बाहेरच गेलो होतो. तिकडे बसून तिने काय केलं असतं, देव पाण्यात घातले असते आणि रात्रभर जागली असती. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

शेवटी मला डब्याच्या काकू आठवल्या. अर्व्हाइनला आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात, मूळच्या चिपळूणच्या, मंगळवार-गुरुवार डबा देतात. न विचारता नाव कसं लिहायचं म्हणून तिथूनच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिही माझं नाव. घरी सांगितलंस का ग?" मी म्हटलं नाही. "बरं. खाली आलीस की आधी मला फोन कर." एवढंच, ओरडल्या नाहीत. आम्ही चौघांनी त्यांचंच नाव लिहिलं.

वाट बघताना हँगरमध्ये पॅराशूट घड्या घालणारे बसले होते, गालिच्यावर, गुडघ्यांवर. टँडेमचं, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून दोघांनी मिळून मारायच्या उडीचं, मोठं पॅराशूट साधारण साडेतीनशे चौरस फुटांचं असतं, पुण्यात तेवढ्या जागेत वन-रूम-किचन बसतं, आणि हे लोक अंगाचा सगळा भार टाकून त्यातली हवा काढतात आणि ते पाठीवरच्या पिशवीत बसवतात. मोठं उघडलं नाही तर वापरायचं रिझर्व्ह पॅराशूट वेगळं, ते लायसन्सवाला रिगरच पॅक करतो, दोऱ्याला शिशाचं छोटंसं सील लावतो, कार्डावर तारीख घालून सही करतो, आणि दर १८० दिवसांनी ते पुन्हा उघडून तपासून पॅक करायचं असा सरकारी नियम आहे. माझ्या इन्स्ट्रक्टरने मला ते सील दाखवलं, तुरीच्या दाण्याएवढं. रूममेट फोनवर आकडे वाचत होती, २०२३ मध्ये अमेरिकेत साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या आणि १० मृत्यू, पण मला धीर आला तो त्या दाण्याकडे बघून.

इन्स्ट्रक्टरने विचारलं, इंडियात असं काही आहे का? त्याच्या विचारण्यात तसं काही नव्हतं, पण मला लागलं. मी त्याला आमच्या पुण्याच्या शीतल महाजनांचं सांगितलं, २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, पुढे दक्षिण ध्रुवावर, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये चक्क नऊवारी नेसून. नऊवारी म्हणजे नऊ वार लांब साडी हे हातवारे करून समजावलं. त्याचे डोळे विस्फारले. ती उडी थायलंडमध्ये मारली होती हे मी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

ट्विन ऑटर विमान, दोन लांब बाकं, सगळे एकामागे एक पाय फाकून बसलेले. साडेबारा हजार फूट म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवा आणि वर अजून थोडं. इन्स्ट्रक्टरने मला त्याच्याशी जोडणारे चारही हूक लावले, दोन खांद्यांना, दोन कमरेला, आणि प्रत्येक हूक ओढून मोठ्याने मोजला. दार उघडलं तेव्हा गार वारा आणि इंजिनाचा आवाज इतका की नागपूरवाला काहीतरी ओरडला ते कळलंच नाही, आणि पुढच्या क्षणी तो दारात नव्हता.

पडल्यासारखं वाटत नाही. पोटात गोळा येतो तो पहिले दोन-तीन सेकंद, मग खालून कोणीतरी वाऱ्याची गादी धरल्यासारखं होतं. दोघांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून इन्स्ट्रक्टर मागे एक छोटं पॅराशूट सोडतो, तरी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतोच. मिनिटभरही नसेल. मग एक हिसका, आणि एकदम शांतता. साधारण कळसूबाईच्या उंचीवर मोठं पॅराशूट उघडलं होतं. खाली पेरिसचं तळं, पिवळे डोंगर, आणि माझे बूट हवेत लोंबकळताना दिसत होते, उजव्याची नाडी सुटलेली. मी रडले. का ते माहीत नाही, गॉगलमध्ये पाणी साठलं.

खाली आल्यावर आधी काकूंना फोन. पहिल्याच रिंगला उचलला. "चौघंही?" "हो, चौघंही." "मग जेवायलाच या, डाळिंबी उसळ केलीय." शनिवार होता, डब्याचा वार नव्हता.

आईला रविवारी व्हिडिओ पाठवला. मला वाटलं ओरडेल. तिने दोनदा बघितला, मागे बांधलेला माणूस कोण, त्याचं लग्न झालंय का हे विचारलं, मग फॉर्मचं सांगितलं तेव्हा थोडा वेळ बोललीच नाही. "काकूंचं नाव लिहिलंस. माझं का नाही?" मी म्हटलं, अगं तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. "मी काय अकराला झोपते?"

मी समजावलं की त्यांना तासाभरात हॉस्पिटलला पोचेल असं माणूस हवं असतं, तू मिरजेहून कशी येणार. तिला ते पटलं नाही. माझं म्हणणं बरोबर आहे, कोणालाही विचारा. तरी काल ऑफिसच्या पोर्टलवर इमर्जन्सी कॉन्टॅक्टची दुसरी ओळ रिकामी दिसली तिथे तिचा नंबर टाकला, आणि पहिल्या ओळीत काकू. आधी काकूंना विचारलं.