साखर आधणातच पडते

बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईनं वाळवा तालुक्यात विम्याचा धंदा करू नये. मी करते. आष्टा, बागणी, बोरगाव, कासेगाव, कुठंही गेलं तरी दारात स्कूटी लावेपर्यंत आतून "चहा टाक गं" ऐकू येतं, आणि मी हेल्मेट काढून पायरीवर टेकते तोवर पातेल्यात पाणी आणि साखर दोन्ही पडलेली असतात. आपल्याकडे चहा किती गोड हे पिणारा ठरवतच नाही. आधण ठेवणारी ठरवते, तेही सगळ्या घराचं एकदम. वेगळ्या वाटीत साखर, ज्याला हवी त्यानं घ्यावी, ही पद्धत हॉटेलातल्या ट्रेमध्ये. घरात एक पातेलं, एक गोडी.

मग मी "मला बिनसाखरेचा" म्हटलं की चौकशी सुरू. "शुगर हाय का मॅडम?" नाही. "वजनासाठी?" माझ्याकडे बघून तसं कुणी म्हणणार नाही, पण विचारतात. एका आजींनी तर नवस बोललाय का म्हणून विचारलं. मला नुसती चव आवडते, हे उत्तर या भागात कुणाच्या पचनी पडत नाही.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. हा सगळा उसाचा पट्टा. घरातला कुणीतरी कारखान्याचा सभासद असतोच, आणि सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. दिवाळीच्या आधी कार्ड घेऊन रांगेत उभं राहून आणलेलं पोतं खोलीच्या कोपऱ्यात असतं. अशा घरात पाहुण्याला अगोड चहा द्यायचा म्हणजे आपल्याच शेतातलं काहीतरी लपवून ठेवल्यासारखं वाटतं त्यांना. बागणीतल्या एका घरच्या सूनबाईंनी यावर तोडगा काढलाय. साखर टाकायच्या आधी माझ्यापुरतं पाणी त्या छोट्या पातेलीत काढून घेतात. चहा येतो अगदी मला हवा तसा, आणि सोबत बशीत दोन कंदी पेढे. "चहात न्हाई ना घातली, मग हे तरी खावा." पेढे मी खाते. गोडाशी माझं वैर नाही, चहातल्या गोडाशी आहे.

बिनसाखरेचा चहा कडूच लागणार, असं जे म्हणतात त्यांनी तो नेहमीच्याच पद्धतीनं उकळून बघितलेला असतो. आपण वापरतो ती दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. पानं रोलरमध्ये चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. 1930 च्या दशकात आसामात निघालेली पद्धत. त्या दाण्यांतून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून थोड्या पत्तीत खूप कप होतात. पण तीच पत्ती दहा मिनिटं खदखदवली की तुरटपणा जिभेला चिकटतो, आणि मग तो झाकायला साखर लागते. माझं साधं आहे. पाणी उकळलं की गॅस बंद, मग पत्ती, वर झाकण, तीन मिनिटं. दूध दुसरीकडं चांगलं तापवलेलं, म्हशीचं, साय बाजूला न केलेलं. गाळून एकत्र. दुधात स्वतःची साखर असतेच, साडेचार-पाच टक्के, आणि म्हशीच्या दुधाचं सहा-सात टक्के फॅट त्या तुरटपणाची धार मोडतं. हा चहा कडू नसतो. बारीक गोड असतो, फक्त ते कळायला जिभेला आठ-पंधरा दिवस द्यावे लागतात.

घरी मात्र माझं कुणी ऐकत नाही. सासूबाई गुळाच्या. त्यांच्या लहानपणी साखर रेशन कार्डावर मोजून मिळायची, ती पाहुण्यांसाठी डब्यात, आणि घरच्यांना गुळाचा. आता सांगलीत विश्रामबागेपासून पार स्टँडपर्यंत "गुळाचा चहा" असे बोर्ड दिसतात, तेही साध्या चहापेक्षा महाग. रिक्षातून जाताना त्या ते बोर्ड वाचतात आणि म्हणतात, "आमी नाइलाजानं पीत हुतो, ही पैसं दिऊन पित्यात."

पण चहा त्या करतात झकास. गूळ टाकला की दूध फाटतं, ही ज्यांची तक्रार आहे त्यांनी सासूबाईंच्या शेजारी उभं राहावं. गूळ मुळात थोडा आंबट, जुना झाला की जास्तच, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध नासणारच. त्या पाणी, आलं, पत्ती आणि गूळ आधी एकत्र उकळून घेतात, पातेलं खाली उतरवतात, फेस बसू देतात आणि मग गरम दूध वरून धारेनं ओततात. त्यानंतर ते पातेलं पुन्हा गॅसवर चढत नाही, कुणी उशिरा उठलं तरी. गूळही काळपट लागतो त्यांना. पिवळाधमक बघितला की "हायड्रॉस मारलाय" (गुळाचा रंग उजळायची रासायनिक पावडर) म्हणून ढेप परत. माहेरी गुऱ्हाळ होतं, काहिलीवर भेंडीच्या चिकानं मळी काढताना बघितलेली बाई आहे ती, तिला दुकानदार काय सांगणार.

आमचं वाजतं ते एकाच मुद्द्यावर. गुळानं शुगर वाढत नाही, उलट रक्त वाढतं, असं त्यांचं ठाम मत. गुळात बहुतांश साखरच असते, कॅलरी साखरेपेक्षा थोड्याच कमी. लोह असतं थोडं, पण चहातले टॅनिन्स नेमकं तेच शरीराला घेऊ देत नाहीत. रक्तासाठी गूळ खायचा तर शेंगदाण्यांबरोबर खावा, चहात घालून कशाला? चवीसाठी प्या, मी स्वतः तुम्हाला दूध तापवून देते.

आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. तिथं किटलीतून येणारा चहा गोडमिट्ट. हमालांना तो तसाच लागतो, आणि पोती वाहणाऱ्या माणसाला चहा कमी गोड पी म्हणून सांगायची माझी हिंमत नाही. पण हे खुर्चीवर बसून तोच पितात, दिवसाला पाच-सहा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सुचवलंय, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे सहा चमचे. मी सांगितलं. "त्या संघटनेला एकदा सौद्याच्या टायमाला घेऊन ये," असं उत्तर मिळालं.

तर आमच्याकडे पातेली तीन आणि गॅसला बर्नर दोन. सकाळी सातला भांडण चवीवरून होत नाही, नंबरावरून होतं. सासूबाईंचा पहिला, त्यात बोलायचं काम नाही. यांचा नंबर येईपर्यंत यांना दम निघत नाही, मग माझ्यातला अर्धा कप ओढतात, वरून दोन चमचे साखर घालतात आणि पेपर वाचत खालीवर न ढवळता पितात. तळाशी राहिलेली साखर शेवटी चमच्यानं खरवडून खातात, आणि तुझ्या चहाला काही चव नसते म्हणतात.