किती फूट?

आज आमच्या पूरग्रस्तांच्या आधार-ग्रुपमध्ये बसलो होतो, बाहेर जोरात सर आली आणि काकूंनी बोलता बोलता मधेच मोबाईल काढून बघितला. सगळे गप्प. मग समोरचा पोरगा हळूच म्हणाला, "किती फूट?"

सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरचा आयर्विन पूल, पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पार.

काकू म्हणाल्या, "बावीस. तरी बघते. रात्री दोनला उठून पण बघते."

पोरगा म्हणाला, "मी पण काकू. मला वाटायचं मलाच वेड लागलंय."

काकू हसल्या, मग रडल्या, पदरानं चष्मा पुसत बसल्या बराच वेळ. ग्रुप घेणाऱ्या मॅडम मधे पडल्या नाहीत, टिश्यूचा बॉक्सपण पुढं सरकवला नाही (नंतर म्हणाल्या, लगेच दिला की माणूस रडणं आवरतं घेतो). हे मला माहीतच नव्हतं.

घरचे त्यांना एवढी वर्षं "आता विसरा की" म्हणतायत, प्रेमानंच म्हणतायत. मीपण आईला हेच ऐकवत आलोय आणि तिची कागदपत्रांची पिशवी अजून माळ्यावर तयार असते, प्लॅस्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली.

काकूंना विचारूनच लिहितोय हे. तुमच्या घरी पाऊस वाढला की कोण उठून बसतं?